पलंगामागची ओल

१४ जुलै
घर मिळालं! मानेवाड्याला, वरचा मजला, गॅलरीसमोर कडुनिंब. उमरेडहून टेम्पोत सामान आणलं. कपाट चढवताना नागसेनला इतकं हसू आलं की तो जिन्यातच बसला. लग्नाला वर्ष झालं, पण आमचा दोघांचा संसार आजपासून. त्याला मौद्याच्या वीज केंद्रात नोकरी, मला इथल्या शाळेत. घरमालकीण कुसुमताई खाली राहतात. त्यांनी चहा पाजला आणि बजावलं, कपाट भिंतीला चिकटवू नका, पावसाळ्यात कूलर लावू नका, ओल धरते. त्यांचे यजमान मनोहरराव आजारी असतात म्हणे. दिसले नाहीत.

२० जुलै
पलंगामागे ताटाएवढा ओलसर डाग, त्यात काळे ठिपके. खिडक्या मी दिवसभर उघड्या ठेवते, कपडे गच्चीवर वाळवते, आंघोळीनंतर न्हाणीघराचा पंखा सुरू ठेवते. तरी बुरशी आलीच. नागसेनने पोपडे खरवडले आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिंत घासली. हातमोजे घाल म्हटलं तर म्हणाला, "मले काय होते वं!"

२४ जुलै
डाग परत आला, आधीपेक्षा मोठा. कुसुमताईंनी चंपतराव मिस्त्रीला पाठवलं. त्यांनी गच्ची पाहिली, पाइप पाहिले, प्लास्टर फोडून पाहिलं. आत विटा ठणठणीत कोरड्या. ओल नुसती वरवर. डोकं खाजवत निघून गेले.
नागसेनच्या बोटांना मुंग्या येतात.

२९ जुलै
सकाळी त्याने उकळत्या चहाचं गंज, अख्खं पातेलं, गॅसवरून नुसत्या हाताने उचललं. तळहाताला फोड आले. त्याला कळलंच नाही, मी ओरडले तेव्हा त्याने खाली पाहिलं. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही.
ड्युटीवरून आला की भिंतीला टेकून बसतो. काहून, विचारलं. म्हणाला, बरं वाटून राहिलं.

३ ऑगस्ट
आज तो कामावर गेला नाही. त्याच्या आईचा फोन आला, तोही घेतला नाही.
सकाळी पलंग ओढून मी खोलीच्या मधोमध आणला होता. शाळेतून आले तर परत भिंतीला.
फडकं घेऊन भिंत पुसायला लागले. तो स्वयंपाकघरात होता. फडकं टेकलं तसा तिकडून कण्हला. पुन्हा टेकवलं. पुन्हा कण्हला.
फडकं ठेवून दिलं.

५ ऑगस्ट
कुसुमताईंना सांगायला खाली गेले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मनोहरराव भिंतीला टेकून बसलेले. खांद्यावरून भिंतीपर्यंत काळं, मखमलीसारखं. खांदा कुठे संपतो, कळेना. डोळे उघडे. श्वास चालू. कुसुमताई चमच्याने पेज भरवत होत्या.
आधी मीही घासायची, म्हणाल्या. हे ओरडायचे. आता यांले काहीच दुखत नाही.
मग आम्हाला घर काहून दिलं?
चमचा पुसत त्या म्हणाल्या, "वरतं कोणी राहिलं का यांच्या अंगावरचं वाढणं थांबते वं, बाई."

६ ऑगस्ट
बॅग भरली. उमरेडला जायचं, आत्ताच. नागसेनला हाताला धरून ओढलं. शर्ट फाटला. शर्टाखाली पाठ — पाठ नाही, भिंतच —
म्हणाला, ओढू नको. म्हणाला, तू जा.
मी दोन्ही हातांनी त्याला धरून बसले. सोडवेना.

७ ऑगस्ट
त्याच्या भावाला, अश्विनला, फोन लावला. बोटं नीट लागत नव्हती. लवकर ये, एवढंच म्हटलं.
घाबरायला हवं. घाबरणं कसं असतं, ते आठवतं. येत नाही.

८ ऑगस्ट
कुसुमताई पेज घेऊन आल्या. चमचा माझ्या दातांवर वाजला, तेव्हा कळलं की त्या मला भरवताहेत. खिडकी लावून गेल्या. मी नको म्हटलं नाही.
पाठ गार आहे. बरं —

९ ऑगस्ट
पेन हातात आहे का, बघावं लागतं. आहे.
नागसेन मला ढकलतोय. एका हाताने. भिंतीपासून लांब. परत, परत. दिसतं, लागत नाही. रडतोय तो.
खाली अश्विनचा आवाज. कुसुमताई सांगताहेत, दोघं आत्ताच उमरेडले निघाले.
ओ द्यायची. एकदाच. नागसेन म्हणतो, दे वं, ओरड —
तोंड उघडलं. आवाज निघाला की नाही ते