वकीलपत्रावरची सरळ सही

अहो,

मी वकिलांकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

काल वकीलपत्रावरची तुमची सही पाहून वकीलसाहेब खूश झाले. मला मात्र शंका आली. दोन वर्षांत तुमची सही इतकी सरळ आली नव्हती.

सकाळी तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाचा खण उघडला. काट्यांच्या डबीत त्याच गोळ्या निघाल्या. कंपनीने बाजारातून परत मागवलेल्या, तुमच्या हृदयाची झडप खराब केलेल्या. ज्या गोळ्यांवरून आपण दावा लावतोय, त्याच तुम्ही चोरून घेताय! त्या गोळ्यांनी हाताचा कंप थांबतो, बारीक स्क्रू पुन्हा धरता येतो, हे कळतं हो मला. पण डॉक्टर काय म्हणाले, तेही तुम्ही माझ्या शेजारी बसूनच ऐकलंत ना?

गोळ्या मी घेऊन चाललेय. डॉक्टरांना फोन केलाय, त्यांनी आपल्याला संध्याकाळी पाचला बोलावलंय. दाढी करून बसा.

गोळीच्या जोरावर केलेली ती सही मला नको, येताना नवं वकीलपत्र आणते. पुन्हा सही करा, वाकडी आली तरी चालेल. आपल्या लग्नाच्या नोंदणीवरही तुमची सही वाकडीच आहे. तेव्हा मी काही म्हटलं होतं का?