घडीच्या कॅमेऱ्यातली माय

आबा, परवा शहाद्याचा एक फोटोग्राफर दुकानात आला होता. कॅमेऱ्याची नवी जर्मन लेन्स दाखवून म्हणाला, अशी लेन्स असली तरच तो धंद्याचा कॅमेरा, बाकी सगळी खेळणी. मी मान डोलावली. तुम्ही त्याला दारातही उभं केलं नसतं. तुमच्या लेखी तीन पायांवर उभा राहतो आणि काळ्या कापडाखाली डोकं घालायला लावतो तोच कॅमेरा. माझ्या रोलवर चालणाऱ्या घडीच्या कॅमेऱ्याला हसायचात. "हाऊ खिसामा मावस. येले कॅमेरा कोन म्हनी?"

तेव्हाही आजच्यासारखीच लढाई चालू होती, तुमच्या कॅमेऱ्याला लागणाऱ्या काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या. मायचा एकही फोटो नव्हता. घरच्या माणसाचा काय, कधीही काढू, असं म्हणत तुम्ही वर्षं घालवलीत. ती तापाने अंथरुणाला खिळली, तरी शब्द दिलाय म्हणून शेवटच्या दोन प्लेटा घेऊन तुम्ही धानोऱ्याच्या लग्नाला गेलात. दुपारी तिला धाप लागली. मी घाबरून माझा कॅमेरा काढला, खाट ओट्यावर ओढली. ती म्हणते, "माले उठाडू नको रे भाऊ, असाच काढी ले." मी एकदाच खटका दाबला. दुसरा काढायचा धीर झाला नाही. तुम्ही परतलात तेव्हा ती गेली होती.

दारातच तुम्ही विचारलंत, "तू फोटू काढा का?" मी अंधारखोलीत रोल धुतोय आणि तुम्ही बाहेर दाराला कपाळ लावून उभे आहात. "दिखी ऱ्हायनी का ती?" पुन्हा पुन्हा तेच. तुमचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी बाहेर येऊन सांगितलं, फिल्मच खराब निघाली. तुम्ही माझा कॅमेरा ओट्यावर आपटलात. मी आपटू दिला.

फिल्म चांगली होती, आबा. आदल्या दिवशी अंगणात, चुन्याच्या भिंतीपुढे उभा असलेला तुमचा कॅमेरा मी गंमत म्हणून टिपला आणि चावी फिरवायची विसरलो. तुमच्या हाताखाली शिकलेला मी. नवी प्लेट घालायची एवढंच हातांना ठाऊक, रोल पुढे सरकवायचा हे नाही. माय फिल्मच्या त्याच तुकड्यावर, आदल्या फोटोवरच उमटली. तिचा चेहरा भिंतीच्या उजेडात जळून गेला. जिथे तुमचं काळं कापड होतं तेवढ्याच जागेत तिचे हात दिसतात, बांगड्यांसकट. माझी चूक कळेल म्हणून मी ते लपवलं.

आता रोज ती फिल्म खिडकीशी धरतो. काय करू, कुणाला विचारू? तिला पाहिलेलं कुणी उरलं नाही, आणि तिचा चेहरा मलाही आठवेनासा झालाय. हे पत्र त्या फिल्मच्याच पाकिटात राहील. तुम्ही दाराशी उभे होतात, आबा. निदान हात तरी तुम्हाला दाखवायला हवे होते.