बोडीत उतरायचे हातमोजे

मु. आंबाटोला, ता. साकोली
१९ जानेवारी १९८४

चिरंजीव भैय्यालाल यास गोदावरीताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तू आणि निर्मला नागपुरात बरे असालच. पंख्याखाली बसून सही करणाऱ्या माणसाला काय होणार?

एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवलेलं तुझं पार्सल पोचलं. फाटक्या कागदातून रबराचा मोजा डोकावत होता, तो पाहून तो म्हणाला, "बाई, तुमच्या भावानं दवाखाना खोलला का?" मी म्हटलं, दुकान खोललं असेल, नि खपत नाही तो माल बहिणीकडे लोटून राहिला असेल.

तीन जोड हातमोजे. एक लोकरीचा, एक रबराचा, एक कातड्याचा. सोबत चिठ्ठी, की थंडीत बोडीत उतरशील तेव्हा तिन्ही घालून बघ, कोणता बरा पडतो ते कळव. अरे, तूही बोडीवाल्याचाच मुलगा ना? पौषात बोडीच्या तळ्याचं पाणी सोडून दिलं की उरलेल्या चिखलात हाताने चाचपून मासा धरतात, हे तुला मी लिहून कळवायचं का? साहेबासोबत तलावाच्या काठी गळ टाकून बसायला लागल्यापासून तुझी अक्कल त्या गळालाच अडकलेली दिसते. साहेबाच्या हाताला थंडी वाजते म्हणून साऱ्या भंडारा जिल्ह्याला वाजते असं नाही.

तरी मी तिन्ही घालून पाहिले. पैसे तुझे गेले, निदान थट्टा तरी आमची होऊ दे.

रविवारी पाणी सोडलं. सकाळी आधी लोकरीचे घातले. हात चिखलातून बाहेर काढला तो भिजलेल्या गोधडीसारखा जड. माझी जाऊ पुष्पाबाई शेजारीच होती. ती म्हणाली, "बाई, तुमी मासा धरून राहिल्या का त्याले पांघरून देऊन राहिल्या?" मग रबराचे. त्यांत वरून थंडगार पाणी शिरलं आणि आतच राहिलं, म्हणजे थंडी पळून जायची ती मोज्यात कोंडून ठेवली. हातात आलेली चांगली मोठी मरळ निसटली. कातड्याचे भिजून असे ताठले की बोटं मिटेनात. तुझे भाऊजी बोडीच्या बांधावर, पाळीवर उभे होते, गळ्यात मफलर, हातात विडी. चिखलात त्यांनी जन्मात पाय घातलेला नाही, पण हुकूम सोडण्यात त्यांचा हात कोण धरणार? म्हणाले, "कातड्याचेच चांगले हायेत, मजबूत हायेत." मी म्हटलं, मजबूत तर खुंटाही असतो, त्याने मासे धरा.

चिखलात मासा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसतो. बोटं झाकून मासा धरायचा म्हणजे डोळे बांधून तांदूळ निवडायचे. हे माझं तिन्ही जोडांबद्दलचं मत. तुझ्या साहेबालाही कळव.

आता रविवारीच पाणी का सोडलं, तर उषाला पाहायला अड्याळचे टेकचंद येणार होते, मुलाला घेऊन. या घरची रीत तुला ठाऊक आहे. सोयऱ्याच्या ताटात पडणारा मासा मुलीच्या आईने स्वतःच्या हाताने धरलेला हवा, आणि तो धरताना सोयऱ्याला पाळीवर आणून उभं करायचं. मासा ताजा आहे हे त्याने पाहावं म्हणतात. खरं तर बोडी केवढी आहे ते त्याला दाखवायचं असतं. पुरुषांच्या साऱ्या रीती अशाच, फुशारकी त्यांची नि चिखल आमचा.

तर पाहुणे पाळीवर आले तेव्हा मी मोजे काढून फेकले होते. थोड्या वेळापूर्वीच शेजारच्या हिरालालला शिंगी मासोळी टोचली होती. शिंगीचा काटा तुला आठवत असेल, लहानपणी एकदा टोचला तर तू सारं गाव डोक्यावर घेतलं होतंस. हिरालाल एवढा दांडगा बाप्या, पण पाळीवर गडबडा लोळत होता. मी त्याला चांगलं हिणवलं. मग मी चाचपत राहिले, आणि जरा वेळाने पुष्पाबाई किंचाळली, "अवं बाई, शिंगी लटकून राहिली तुमच्या हाताले!"

डाव्या हाताच्या करंगळीखाली काटा रुतला होता. मनगटापर्यंत रक्त. मी शिंगी उपटली, टोपलीत टाकली आणि पुन्हा चिखलात हात घातला.

पाळीवरून टेकचंद तुझ्या भाऊजींना म्हणाले, "पुंडलिकराव, माय एवढी कठीण हाय, तं पोरगी कशी असन? आमाले तुमची पोरगी पसंत हाय." त्यांनी उषाला अजून पाहिलंही नव्हतं. घरी जाऊन पाहिलं, रस्सा जेवले, दोनदा मागून घेतला. मीच वाढला. वैशाखातलं लग्न ठरलं. आता गावात जो भेटतो तो मला कठीण बाई म्हणतो आणि तुझे भाऊजी तर स्वतःलाच काटा टोचल्यासारखे छाती काढून फिरतात.

मूर्ख आहेत सगळे. त्यांना वाटतं मी सहन केलं. सहन करायला आधी दुखावं लागतं, भैय्यालाल.

मला दुखलं नाही. पुष्पाबाई ओरडली नसती तर मला कळलंही नसतं.

आता तुझं बघू. भाऊबीजेला मी तुला ओवाळत होते, तेव्हा ताटातलं निरांजन सरकून ज्योत माझ्या करंगळीला लागली होती. तू ते हळूच बाजूला केलंस. निर्मला मलम शोधायला धावली. मी म्हटलं, चुलीपाशी जन्म गेलेल्या बायकांची कातडी अशीच असते. तू माझ्या करंगळीकडे बघत राहिलास. आणि आता अडीच महिन्यांनी तीन जोड मोजे, तिन्ही घालून बघ, कळव. थंडीसाठी कोणी तीन जोड पाठवत नाही. माझ्या बोटांना काय कळतं नि काय नाही, हे तुला विचारायचं होतं. सरळ विचारायची छाती नाही, म्हणून पार्सल. लहानपणापासून भित्राच तू.

तर ऐक. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींना काही कळत नाही. करंगळी जराशी वाकून राहते. कोपराजवळ फिकट चट्टा आहे, पावसाळ्यापासून. इथल्या शाळेच्या भिंतीवर सरकारी लोक असल्या चट्ट्याबद्दल लिहून गेले आहेत, गोळ्यांनी बरा होतो असंही लिहिलंय. मी त्या भिंतीजवळून जाताना पदर सारखा करते. त्या रोगाचं नाव मी इथे लिहिणार नाही, तुला ठाऊक आहे. मला भीती वाटते. चिखलाची, काट्याची कधी वाटली नाही, याची वाटते.

साकोलीच्या दवाखान्यात जाता येत नाही. कोणी पाहिलं तर संध्याकाळच्या आत अड्याळला कळेल आणि उषाचं लग्न मोडेल. माझ्या हातचा रस्सा त्यांना आठवेल. तुझ्या भाऊजींना सांगितलेलं नाही. ते आधी साऱ्या गावाला सांगतील आणि मग मला विचारतील, खरं आहे का म्हणून. टेकचंदांना काय सांगायचं, कधी सांगायचं, ते मी नागपूरच्या डॉक्टरचं ऐकून ठरवीन. त्यात तू सल्ला देऊ नकोस.

सोमवारी ये. निर्मला आजारी आहे, ताईला न्यायला आलो, असं सांग. खोटं बोलताना जमिनीकडे बघत जाऊ नकोस, तुझं लगेच पकडलं जातं. निर्मलाला आधी सगळं सांग. माझं ताट-वाटी वेगळं ठेवावं असं तिच्या मनात असेल तर तसं मला कळव. मी धर्मशाळेत उतरेन, रागावणार नाही.

रबराचे नि कातड्याचे मोजे परत आणते आहे. लोकरीचे, तिन्हींतले सगळ्यात निकामी, ते मी धुऊन वाळवून ठेवले आहेत. थंडीत बाईने लोकरीचे मोजे घातले तर बसमध्ये कोणी हाताकडे बघत नाही.

बसमध्ये माझ्या डाव्या बाजूला बस. हात धरलास तर मला कळणार नाही, म्हणून धरला आहे असं तोंडाने सांग.

तुझी ताई,
गोदावरी