नाल्यावरचे अकरा दिवे

१२ ऑक्टोबर १९५५
डोमाभाऊ सावली गावाहून डायनामो घेऊन आले! बंद पडलेल्या भातगिरणीचा. एटापल्लीच्या पुढे वाट कसली, तरी बैलगाडीतून आणलाच. खोपोलीच्या वीजघरात बारा वर्षं फिटर होते. बायको वारली तसे गावी परतले. आता म्हणतात, नाल्याच्या पाण्यावर दवाखान्यात दिवे लावतो. माझ्या या दवाखान्यात — नर्स एक, कंदील एक!

१५ ऑक्टोबर
पाहणीला जिल्ह्याचे साहेब आले. नाल्यात काठी बुडवून हसले. 'एवढ्या पाण्यावर बिडीसुद्धा पेटणार नाही.' जीप गेल्यावर डोमाभाऊ बोलले, 'बाई, अमेरिकेत अ‍ॅपलटन नावाचं गाव आहे. अठराशे ब्याऐंशीत तिथी नदीच्या पाण्यावर दिवे लागले. एक घर अन् दोन कागदाच्या गिरण्या, बस्स! तवाही कोनी हासलंच असंल. मंग आपलं दार्जिलिंग. मंग कावेरीची वीज कोलारच्या खानीत — नव्वद मैल तार!' त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

१९ ऑक्टोबर
गावचे म्हातारे कोलूभाऊ आडवे आले. 'पानी तुमी घेतलं तं आमच्या धानाले काय? मासे कुठी जातीन?' खरंच आहे त्यांचं. डोमाभाऊंनी वाद घातला नाही. बांबूचं खेळण्याएवढं चाक केलं, धारेत धरलं. 'पाहा भाऊ. हे पानी पीत नाई. फिरते अन् सोडून देते.' कोलूभाऊ बराच वेळ बसून पाहत राहिले. जाताना म्हणाले, उद्या अठरा माणसं आणतो!

२ नोव्हेंबर
पाट खणून झाला. मीही दगड वाहिले. हाताला फोड.

११ नोव्हेंबर
मोठं चाक फिरलं, सगळा गाव ओरडला — आणि दिव्यात नुसती लाल तार! उजेड नाहीच. लोक मुकाट घरी गेले. दवाखान्यातली दाई सुकरी डोमाभाऊंना भाकर घेऊन गेली, तशीच परत आणली.

१२ नोव्हेंबर
आज मीच गेले. डोमाभाऊ म्हणाले, 'खोपोलीले पानी डोंगरावरून पडते, इथी नुसतं चालते. चाक सावकाश फिरून राह्यलं. डायनामो जोरात फिराले मधात मोठी पुली पाहिजे. लोखंडाची चांद्याहून याले दोन महिने.' तोवर नाला आटेल. समोर बैलगाडी उभी होती. मी म्हटलं, 'गाडीचं चाक नाही का चालणार?'
माझ्याकडे पाहतच राहिले. मग भाकर मागितली!

१७ नोव्हेंबर
लागले! अकराच्या अकरा! गाडीच्या चाकावर चामड्याचा पट्टा चढवला, पाटाचं फाटक उघडलं, डायनामो गुणगुणायला लागला — आणि भिंती पांढऱ्या झाल्या. इतकी जळमटं आहेत हे आजच कळलं. सुकरी रडतेय, हसतेय. 'तुमी काऊन रडता बाई?' मलाच विचारते! कोलूभाऊंनी ढोल काढायला लावला.
साहेबांना चिठ्ठी धाडली: 'बिडी पेटली नाही. दिवे अकरा.'

२९ नोव्हेंबर
बुधरी संध्याकाळी बाळंत झाली. मुलगी. रक्त थांबेना. आजवर कंदील धरायलाच सुकरी अडकायची आणि मी अंदाजाने टाके घालायची. मागच्या वर्षी अशीच एक बाई हातातून गेली. आज जखम स्वच्छ दिसली. सुकरीचे दोन्ही हात मोकळे. सहा टाके. बुधरीने आत्ता पेज मागितली. जिंकलो!
बाहेर डोमाभाऊ तीन तास फाटकाशी उभे होते, धार कमी-जास्त होऊ नये म्हणून. कमरेपर्यंत भिजलेले. मी सांगितलं, दोघी सुखरूप. त्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवलं.

८ डिसेंबर
माझा नवरा जाऊन सात वर्षं झाली. डोमाभाऊंची जात वेगळी. वरोऱ्याचं माहेर तुटेल. तरी आज मीच त्यांना लग्नाचं विचारलं. ते पट्ट्याला एरंडेल लावत होते, हात तसाच थांबला. मग म्हणाले, 'हो. पन मले लाज वाटून राह्यली.'
जानेवारीत चांद्याला नोंदणी!