वाचून दाखवलेली पत्रिका

प्रिय आरती,

इकडे अमरावतीत मी ठीक आहे. तुझी आई गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो. वरण पातळ होते, पण जाते.

परवा धामणगावहून माझा पुतण्या श्रावण लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. आईच्या फोटोसमोर बसला आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली. "नाई तं काकू म्हणन, कागद फेकून गेला," म्हणाला. तिचे आठवते ना? "कागद देऊन जाऊ नका जी, वाचून दाखवा. मान राह्यते त्यात." तिच्या या हट्टापायी आपली सगळी गल्ली पत्रिका वाचून द्यायला लागली.

त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, तुझ्या प्रणालीला वाचताना अक्षरे जुळत नाहीत, शाळेवाले तिची तपासणी करा म्हणतात, जावईबापू म्हणतात पोरगी आळशी आहे. "आपल्या घरात असं कोणालेच नाई, बाबा." मी विषय बदलला. पण आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम याच विषयावर बोलायला आल्या, तेव्हा मुद्दाम पुढे बसलो. बोलणे ऐकायला मेंदू आईच्या पोटातच शिकू लागतो म्हणे, पण वाचायची सोय त्यात जन्मतः नसते. डोळ्यांनी पाहिलेले अक्षर आणि कानांनी ऐकलेला आवाज यांच्यामध्ये रस्ता बांधावा लागतो. काही मुलांत तो नीट जुळत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात, हुशारीशी त्याचा संबंध नाही. लवकर कळले तर वेगळ्या पद्धतीने शिकवता येते. मला हे सगळे नवीनच. मी इतके प्रश्न विचारले की मंडळातला गजेंद्र ओरडला, "सूर्यभान, तुले यंदा पह्यलीत बसाचं हाय काय बे?" शेवटचा प्रश्न मात्र मी बाहेर, मॅडमच्या गाडीपाशी विचारला. हे आजीकडून नातीत येते का? त्या म्हणाल्या, येऊ शकते.

आरती, तुझ्या आईला वाचता येत नव्हते. बार्शीटाकळीला चौथीपर्यंत शाळेत गेली, मार खाल्ला, पण अक्षरे तिच्या ओळखीची झालीच नाहीत. तू मोठ्याने धडा वाचायचीस, तेव्हा तुझ्या अडखळण्यावरून ती चूक पकडायची. "पोरीले सांगू नका," एवढेच तिने माझ्याजवळ मागितले होते. तिला नेमके हेच होते का, ते आता तपासता येणार नाही. प्रणालीचे येईल. प्रणालीवर आईसारखे मानाचे निमित्त शोधायची वेळ येऊ नये, म्हणून आज सांगतो. तिथे अकोल्यातच तिची तपासणी करून घे, आणि सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव. सकाळचा पेपर मी अजून मोठ्यानेच वाचतो.

तुझेच,
बाबा