वजन न जुळलेली जोडी

बा, माझी नात, म्हणजे तुझी पणती, ताऱ्यांचं शिकते. परवा तिनं मलाही शिकवलं, आणि मला कळलं. हसू नकोस. नवापूरच्या किनाऱ्यावर सकाळी बोंबील वाळत घालत होतो. गुडघे कुरकुरतात, पण हात अजून चालतात. तर ती पालथ्या टोपलीवर लॅपटॉप ठेवून सांगते, “आजी, हा लाल बटू. बटू म्हंजे ठेंगणा तारा, मंद जळतो. आनि त्याच्याभोवती फिरतो तो तपकिरी बटू. तारा व्हायला निघालेला, पन वजन कमी पडलं, पेटलाच नाय.”

“मंग दिसतो कसा?”

“दिसत नाय. त्याच्या ओढीनं लाल डुलतो, त्याच्यावरून वळखायचा.”

मी हातातली जोडी पुढं केली. तुला काय सांगायचं, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे, एक अलीकडं, एक पलीकडं. म्हटलं, “एक मोठा एक बारका घातला तर वाऱ्यानं जोडी घसरते. तुजी का नाय घसरत?” पोर ओरडलीच, “आजी, बरोब्बर धरलंस! फिरत ऱ्हातात म्हनून पडत नाय. पन एवढ्या बारक्या लाल ताऱ्याला ग्रहाहून एवढा जड जोडीदार मिळाला कसा, त्याच्यावरच माजा अभ्यास हाय!” दिवसभर मी वाळूवर मिरवत होते. शेजारणीला दोनदा सांगितलं. ती म्हणते, “म्हातारे, ऊन लागला काय तुला?”

आणि मग तुझा राग आला, बा. इतक्या वर्षांनी.

मी चौथीत. गणिताची वही वाळूत उघडी, पानावर शिंपला ठेवलेला, तोंडात तेराचा पाढा, आणि हात आपले जोड्या लावतायत, लहानमोठं न बघता. वारा सुटतो आणि अर्धी दोरी खाली. वाळू लागलेला बोंबील कोण घेणार? तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर विसरले असते. “या कागदानं हात बिघडवले हिचे,” म्हणालास, आणि वही आयेकडं दिलीस. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात ती माझ्याच वहीची पानं फाडून जवळा बांधून देत होती. शाळेतल्या बाईंनी लाल शाईनं ‘छान’ लिहिलेलं पान एका गिऱ्हाइकानं पिशवीत टाकलं नि ते चालतं झालं. मी टोपलीमागं बसून बघत राहिले. त्यानंतर शाळा नाही.

शेवटी तू अंथरुणाला खिळलास तेव्हा पाय मीच चेपले. तू म्हणालास, “गुनाची पोर.” मला वाटलं, आता तरी वहीचं काही बोलशील. तू कूस बदललीस.

नातीकडून कागद मागून घेतला तो तुला जाब विचारायला. पण एक लिहायचं राहिलं. माझ्या लेकीला, हिच्या आईला, सातवीतून मी काढलं. तू तेव्हा नव्हतास, जाऊन दोन वर्षं झालेली. टोपली एकटीला उचलत नव्हती, एवढंच कारण. परवा नात शिकवत होती तेव्हा लेक पलीकडच्या दोरीला होती. सगळं ऐकत होती, आणि हात आपले जोड्या लावत होते. तुला लिहिणं सोपं आहे, तू वाचणार नाहीस. ती आत भाकऱ्या थापतेय, आणि तिला वाचता येतं.