वंशावळीतलं लाल ठिगळ

११ मार्च

ती आलीय! पेई निंग. हांगचौच्या आर्ट कॉलेजातली, माझ्या दोन वर्षं पुढची. आमच्या गावात! बंद पडलेल्या शाळेत उतरलीय. सोबत सुया-दोऱ्यांची पेटी आणि लाल कापडाचे तीन गठ्ठे.

मला बघून म्हणाली, "अरे, तूच ना तो, सरांच्या पुढ्यात पुतळा फोडून निघून गेलेला?"

तोच. दुसऱ्या वर्षाला. पुतळा माझाच होता, पण ते कोण ऐकतंय!

आठवतोय मी तिला.

१२ मार्च

गावातली पोरं तिला ताई म्हणतात. आई म्हणते तूही म्हण, मोठी आहे. मेलो तरी म्हणणार नाही.

१५ मार्च

तिचं काम असं — आमच्या झान कुळाच्या वंशावळीत बायकांना नावच नाही. नुसतं 'लू घराण्याची', 'वांग घराण्याची'. आमच्या मुली तर त्यात नाहीतच. ही घरोघर जाऊन नावं विचारते आणि लग्नातल्या रजईच्या लाल कापडावर टाक्यांनी भरते, एका बाईला एक चौकोन. पानगळीच्या दिवसांत शांघायला प्रदर्शन आहे. दीडशे चौकोन हवेत. मी वाटाड्या. पिशवीही माझ्याच खांद्यावर.

ओढ्याकडची म्हातारी, एक्क्याण्णव वर्षांची — "नाव? म्हातारा साठ वर्षं 'ए' म्हणायचा. 'ए' लिही."

"आणि माहेरी, आजी?"

"माहेरी 'ए पोरी'!" म्हातारी बोळक्या तोंडाने हसत सुटली. मीही हसलो. पेई निंग हसली नाही. म्हणाली, "आजी, आठवा. मी परत येते."

वरच्या गल्लीत तीन झाओदी निघाल्या. झाओदी म्हणजे 'भावाला घेऊन ये'. मुलगी झाली की पुढचा मुलगा व्हावा म्हणून ठेवतात. मी विचारलं, आले का भाऊ? दोघींचे आलेच नाहीत. "मग फुकटच गेलं की नाव!" मी म्हणालो. पेई निंगने माझ्याकडे असं बघितलं — दिवसभर पिशवी जड लागली.

१८ मार्च

आज बोलली नाही. चहाच्या मळ्यापलीकडून हात केला. पुरे.

२२ मार्च

ती आमच्याकडे जेवायला! आईने बांबूचे कोंब आणि खारवलेलं मांस केलं. जेवण झाल्यावर आईने तिच्या हातातलं कापड ओढून घेतलं — "इकडे दे. टाका आहे की गवत?" आणि आईची सुई अशी चालली! बाबा गेल्यापासून आईचा हात असा चालताना मी पाहिला नव्हता.

पेई निंग कापड उलटं-सुलटं करून बघत राहिली. "काकू, गाठ कुठे लपवता?"

"सांगितली तर लपेल का?"

"चला माझ्याबरोबर शांघायला. मला अशी माणसंच हवीत."

सगळे हसले. आई सगळ्यात जास्त. नाव मात्र सांगेना. "माझं कसलं नाव? रुइशानची आई." पेई निंगने तिचा चौकोन कोरा ठेवला.

मग थोरले काका आले. वंशावळ त्यांच्या ताब्यात. ती तीस वर्षांतून एकदाच उघडतात, नवे जन्म, नवी लग्नं घालतात, छापतात, की पुन्हा तीस वर्षं बंद. पेई निंग बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "पानं सोमवारी छापायला जातात. ही पोरगी आपली सून की नाही? पुढच्या खेपेला मी नसेन."

मी टेबल पुसायला लागलो.

"कॉलेज अर्धं, आता लग्नही अर्धं का?"

डोकं फिरलं. "आपलीच आहे. लिहा!"

आईच्या हातातला वाडगा हवेतच राहिला. "तिला विचारलंस?"

"विचारतो."

२३ मार्च

विचारणार होतो. छापून येईपर्यंत ती हो म्हणाली, तर खोटं कुठे राहिलं? शाळेपर्यंत गेलो. खिडकीत बसून भरत होती. केस कानामागे. ओठांत दोरा. परत आलो.

२८ मार्च

नाही विचारलं.

३० मार्च

काकांना म्हणणार होतो, थांबवा. छापलंसुद्धा.

५ एप्रिल

पितरांचा दिवस. थडगी साफ केली, नैवेद्याला तांदळाचे हिरवे गोळे ठेवले. मग वाजतगाजत, फटाके उडवत वंशावळीच्या छापील पोथ्या आल्या. चाळीस घरांना चाळीस. पेई निंग पुढेच उभी — तिला तर हे सगळं बघायचंच होतं. काका खुशीत. "ये, सूनबाई, तुझंच पान दाखवतो!"

मी पुढे झालो. उशीर झाला होता.

'झान रुइशान. पत्नी: पेई घराण्याची.'

तिने दोनदा वाचलं. माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"थाप मारलीस ती मारलीस," ती म्हणाली. "माझं नावसुद्धा नाही घातलंस?"

६ एप्रिल

ते पान कापायला ब्लेड घेऊन आमच्या पोथीपुढे बसलो. काकांनी हात धरला, मुस्कटात दिली. "एक कापशील. एकोणचाळीस घरांचं काय करशील, गाढवा?" मी त्यांना ढकललं. नको होतं ढकलायला.

आई ब्लेड उचलून म्हणाली, "कापलेलं दिसतं रे. कापायचं नसतं."

८ एप्रिल

ती गेली. स्टँडवर धावत गेलो. माफी मागितली. म्हणाली, "माफ करेनही. पण त्या पोथीत मी तीस वर्षं तुझी बायको आहे."

आईही आली होती, डबा घेऊन. बसच्या खिडकीशी दोघी कितीतरी वेळ कुजबुजत होत्या. बरं वाटलं — आई माझी बाजू मांडतेय.

"काय म्हणाली?" परत येताना विचारलं.

"शांघायला उकाडा फार असतो म्हणाली."

१२ एप्रिल

फोन नाही. शाळेत जाऊन आलो. खिळ्याला वीतभर लाल दोरा राहिलाय. बोटाला गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला. तिने हा दाताने तोडला असेल.

ओढ्याकडच्या म्हातारीने हाक मारली. "ए, तुझ्या ताईला सांग, आठवलं! माझं नाव गुइइंग!"

कुणाला सांगू?

१४ एप्रिल

आई दोन दिवस चहा खुडायला गेली नाही. अंग दुखतंय म्हणते. दार लोटून बसते. विचारावंसं वाटलं, पण मी आपला फोनकडे बघत बसलो.

१६ एप्रिल

उठलो तर आई नाही. भात झाकलेला. टेबलावर पोथी उघडी, त्यावर चिठ्ठी — 'पेई निंगने बोलावलंय. सहाच्या बसने जाते. लोणच्याला पाणी सुटू देऊ नकोस. काकांशी नीट बोल.'

माझ्या पानावर, पत्नीच्या ओळीवर लाल कापडाचं ठिगळ. कागदावर शिवलेलं! त्याच्या वर, बाबांच्या नावाशेजारी, 'लू घराण्याची'च्या पुढे लाल दोऱ्याने भरलेलं नाव — झाओदी.

आईचं नाव मला माहीत होतं. फॉर्मवर कितीदा लिहिलंय.

पान उलटून पाहिलं. मागे गाठ कुठेच दिसत नाही.